सोलापूरचा वसंत चिखलात असतो

वसंत म्हटलं की पुस्तकात आंब्याचा मोहोर, कोकिळा आणि हिरवीगार पालवी हे ठरलेलं असतं, आणि ते खोटं आहे असं नाही, पण सोलापुरात फाल्गुन-चैत्रात जरा बाहेर पडून बघा, बाभळी धुळीनं पांढऱ्या झालेल्या, ज्वारी काढून झालेली, रानात नुसती धसकटं, दुपारी बाराच्या पुढं रस्त्यावर माणूस दिसत नाही. आमच्याकडचा वसंत बघायचा तर पाण्याकडं जावं लागतं, आणि तिथं गेल्यावरही पाण्यापेक्षा पाणी सरकून मागं जे उरतं ते जास्त बघण्यासारखं असतं. म्हणजे चिखल.

मी गेली बरीच वर्षं रविवारी पहाटे हिप्परगा तलावावर जातो. कागदोपत्री त्याचं नाव एकरूख तलाव, शहरातून तुळजापूर रोडला लागलं की थोड्याच वेळात उजेडायच्या आत पोचता येतं. आदिला नदीवर ब्रिटिशांच्या काळात बांधलेला हा तलाव, १८७१ च्या सुमाराला तयार झाला, म्हणजे दीडशे वर्षं उलटून गेली. सुरवातीला मी पण सगळे करतात तेच करायचो, बायनॉक्युलर लावून लांबवर मधल्या पाण्यात बदकं शोधत बसायचो आणि तीन-चार जाती लिहून घरी यायचो. मग एकदा जाळं आवरत बसलेले एक मामा मला म्हणाले, "तुम्ही पाणी बघताय व्हय? पाखरं कड बघत्यात. पाणी जसं हटंल तशी पाखरं कडंला लागत्यात." तेव्हापासून मी कड बघायला लागलो आणि खरं सांगतो, वहीतली जातींची संख्या त्याच महिन्यात तिप्पट झाली.

कड म्हणजे पाणी संपतं आणि जमीन सुरू होते ती ओली पट्टी. आपला सगळा भाग दख्खनच्या पठारावरचा, मोकळा आणि सपाट, त्यामुळं इथले तलाव आणि धरणं खोल कमी आणि पसरट जास्त, परातीत पाणी ओतावं तशी. परातीतलं पाणी बोटभर कमी झालं तर कडेची केवढी जागा उघडी पडते बघा, तसंच तलावाचं होतं. पावसाळा संपताना तलाव काठोकाठ भरलेला असतो, काठालाच गुडघाभर पाणी, आणि चिमणीएवढ्या पाखराला गुडघाभर पाण्यात काहीच करता येत नाही. पण जानेवारी संपला की शेतीला पाणी सुटतं, वरून ऊन वाढतं, वर्षाला साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा भाग, आकाश कोरडं, हवा कोरडी, पाणी वाफ होऊन जातच राहतं, आणि मग रोज हातभर-दोन हात नवीन ओला गाळ उघडा पडत जातो. ज्या गाळाला गेले सात-आठ महिने कुणाची चोच लागलेली नाही असा गाळ. पाखरांसाठी रोज सकाळी नवीन ताट वाढून ठेवल्यासारखं आहे ते.

त्या ताटात काय असतं हे बघायचं म्हणून मागच्या वर्षी मी पुतणीला बरोबर घेऊन गेलो, घरातली जुनी चहाची गाळणी नेलेली, कडेचा ओंजळभर गाळ घेतला आणि पाण्यात हळूहळू धुतला. गाळणीत उरल्या त्या सेंटीमीटरभर लांबीच्या लालभडक अळ्या, वळवळणाऱ्या, एका ओंजळीत पंधरा-वीस तरी असतील. पुतणीनं विचारलं, "काका, यांना रक्त असतं का हो?" प्रश्न फार चांगला होता, कारण किड्यांचं रक्त बहुतेक वेळा लाल नसतंच. झुरळ चिरडलं तर पांढरट चिकट काहीतरी निघतं, लाल नाही, कारण किडे ऑक्सिजन रक्तातून वाहून नेत नाहीत, त्यांच्या अंगात हवेच्या बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि हवा थेट पेशींपर्यंत पोचते. पण या अळ्या राहतात गाळात, आणि कुजणाऱ्या गाळात ऑक्सिजन जवळपास नसतोच. म्हणून यांच्या अंगातल्या द्रवात हिमोग्लोबिन असतं, आपल्या रक्तात असतं त्याच घराण्यातलं, फक्त आपल्यात ते तांबड्या पेशींमध्ये भरलेलं असतं आणि यांच्यात ते द्रवात सरळ विरघळलेलं. ऑक्सिजन कितीही कमी असला तरी ते हिमोग्लोबिन तो घट्ट पकडून घेतं. या अळ्या म्हणजे संध्याकाळी तलावाकडच्या दिव्याभोवती ढगासारखे घोंगावणारे ते बारीक किडे असतात ना, डासासारखे दिसतात पण चावत नाहीत, त्यांची पोरं.

हे हिमोग्लोबिन लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

तर या अळ्या, शिवाय बारीक शिंपले, गोगलगायी, गांडुळासारखे किडे, आणि पाणपिसवांची, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या अगदी बारीक जीवांची, अंडी. ही अंडी तर भलतीच चिवट, तलाव पूर्ण आटून गाळाच्या खपल्या झाल्या तरी मरत नाहीत, वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात आणि पाणी आलं की उबवतात, काही ठिकाणी तर कित्येक दशकांपूर्वीच्या गाळातली अंडी शास्त्रज्ञांनी उबवून दाखवलेली आहेत. म्हणजे आटलेला तलाव मेला असं आपण म्हणतो ते बरोबर नाही, पुढच्या पावसाळ्याचं बियाणं त्यातच असतं.

आता कडेवर कोण कुठं उभं असतं ते बघा, त्यात एक रचना आहे. पाण्यापासून थोडं लांब, ओलसर मातीवर छोटा चिखल्या, मोठे डोळे, आखूड चोच, चार पावलं पळतो, थांबतो, टिपतो, परत पळतो. हा डोळ्यानं शिकार करणारा. त्याच्या पुढं, जिथं गाळावर पाण्याचा नुसता पापुद्रा आहे तिथं टिलवे, एका पेढ्याएवढं वजन असेल, शिवणयंत्राची सुई चालावी तशी यांची चोच चालते. त्यांच्या पुढं तुतवार, शेपूट वरखाली करत. आणखी पुढं पोटरीभर पाण्यात पाणटिवळे, यांची चोच एवढी लांब की गाळात मुळापर्यंत खुपसतात, डोळेसुद्धा पाण्याला टेकतात. त्यांना खाली काहीच दिसत नसतं, सगळं काम चोचीच्या टोकाचं, तिथं स्पर्शाच्या नसांची गर्दी असते, आणि गंमत म्हणजे चोच गाळात असताना पूर्ण उघडता येत नाही तर ते फक्त टोक उघडतात, चिमट्यासारखं, आणि अळी धरतात. आणि सगळ्यात पुढं लाल काठीसारख्या पायांवर शेकाट्या, शरीराच्या मानानं एवढे लांब पाय फ्लेमिंगो सोडला तर कुठल्याच पक्ष्याचे नाहीत. एकच गाळ, पण प्रत्येकाचा वाफा वेगळा, त्यामुळं भांडणं कमी. पाणी बोटभर हटलं की ही सगळी रांग तेवढीच पुढं सरकते. तासभर एका जागी बसलं तर हे सगळं नीट कळतं, फिरत राहिलं तर कळत नाही, हा माझा अनुभव.

फेब्रुवारीच्या शेवटाला या रांगेत एक बदल होतो, तो म्हणजे घाई. डिसेंबरमध्ये हेच टिलवे दुपारी निवांत एका पायावर झोपलेले असतात, आता झोप नाही, सारखं खाणं. कारण निघायचं असतं. टिलव्याचं घर सैबेरियाच्या उत्तर टोकाला, जिथं झाड उगवत नाही अशा थंड माळावर. ती वाट कापायची तर इंधन पाहिजे, आणि पक्ष्याचं इंधन म्हणजे चरबी. निघायच्या आधीच्या थोड्या आठवड्यात हे पक्षी खाऊन खाऊन छातीवर-पोटावर चरबीचा थर चढवतात, काही जाती तर वजन दीडपट करतात. निघायची वेळ झाली हे त्यांना कसं कळतं? इथं सोलापुरात बसून सैबेरियातला बर्फ वितळला का ते कळायचा काही मार्ग नाही. त्यांना कळतं दिवसाच्या लांबीवरून. आपल्याकडं डिसेंबरात दिवस साधारण अकरा तासांचा आणि जूनमध्ये तेरा तासांचा, फरक अवघा दोन तासांचा, आपल्याला जाणवतसुद्धा नाही, पण पक्ष्यांच्या मेंदूत आत खोलवर उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात, डोळ्यांपेक्षा वेगळ्या, कवटीतून झिरपत आलेला उजेडही त्या मोजतात. दिवस ठराविक लांबीचा झाला की संप्रेरकं बदलतात, भूक वाढते, रात्रीची अस्वस्थता सुरू होते.

हिप्परग्याचे खरे मानकरी म्हणजे पट्टकदंब, करड्या-पांढऱ्या रंगाचे हंस, डोक्यावर मागच्या बाजूनं दोन काळे पट्टे. दिवसभर कडेला कळपानं बसतात आणि संध्याकाळी आवाज करत शेतात उतरतात, हरभरा, गहू, कोवळं गवत. शेतकऱ्याचं नुकसान होतं, ते मान्य केलंच पाहिजे, पक्षीप्रेमाच्या भरात ते लपवायचं कारण नाही. मार्चमध्ये एक दिवस असा येतो की मागच्या रविवारी शंभर होते आणि आज एक नाही. ते गेलेले असतात तिबेट, मंगोलियाकडं, आणि मध्ये हिमालय उभा.

हे एव्हरेस्टवरून उडतात असं सगळीकडं वाचायला मिळतं. त्यांच्यावर जीपीएस लावून मोजलं तेव्हा सगळ्यात जास्त उंची सापडली ती ७,२९० मीटर, एव्हरेस्ट ८,८४९ मीटर, म्हणजे तेवढं नाही, आणि बराचसा प्रवास तर ते साडेपाच हजार मीटरच्या खालूनच करतात. पण त्यांनी कमी उंचीवरून जाण्यात जी अक्कल आहे ती मला जास्त आवडते. एकदा वर चढलो की वरच राहायचं असं ते करत नाहीत, डोंगर चढला की चढतात, दरी आली की परत खाली उतरतात, कारण खालची हवा दाट असते, दाट हवेत पंखाला आधार मिळतो आणि श्वासाला ऑक्सिजन, त्यामुळं परत चढायला लागलं तरी एकूण हिशेबात ताकद कमी लागते. बहुतेक वेळा रात्री नाहीतर पहाटे उडतात, गार हवा दाट असते म्हणून. हिमालयाची मुख्य चढण सात-आठ तासांत पार केल्याची नोंद आहे.

आणि आता ते हिमोग्लोबिन. सात हजार मीटरवर हवेतला ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी. तिथं नुसतं बसून राहायला माणसाला धाप लागते, हे पंख मारत असतात. पट्टकदंबाच्या हिमोग्लोबिनमध्ये सखल भागातल्या हंसांपेक्षा अगदी थोडा बदल आहे, प्रथिनाच्या साखळीतला मोजका दुवा बदललेला, आणि तेवढ्यानं ते हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त घट्ट पकडतं. म्हणजे हिप्परग्याच्या कडेला एकाच फुटात गाळात ती लाल अळी आणि वर बसलेला हा हंस, एक जमिनीखाली गुदमरणारी, दुसरा आभाळात विरळ हवेत जाणारा, आणि दोघांनी अडचणीवर काढलेला उपाय एकाच पदार्थाचा. हे मला जेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या कडेला नुसता बसून होतो, हातातली गाळणी तशीच.

उजनीचं प्रकरण मोठं. पुणे रोडनं टेंभुर्णीपर्यंत गेलं की भीमेवरचं ते धरण, १९८० च्या सुमाराला पूर्ण झालं, एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त म्हणजे साधारण ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी, आणि पातळी त्यात उतरली की धरण मायनसमध्ये गेलं म्हणतात. उन्हाळ्यात सोलापुरात चहाच्या टपरीवर सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य "उजनी मायनसमध्ये गेलं का?" हेच असतं, आणि ते योग्यच आहे, शहराचं प्यायचं पाणी तिथून येतं. पण ज्या काळात उजनी मायनसकडं चाललेलं असतं त्याच काळात करमाळ्याच्या बाजूला आणि पलीकडं इंदापूर-भिगवणच्या बाजूला फुगवट्याच्या कडेला मैलोनमैल उथळ पाणी होतं, पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ वर यायला लागतं, लोक गाळपेरीला जमीन नांगरायला घेतात, आणि अग्निपंख म्हणजे आपले फ्लेमिंगो भरभरून दिसतात.

फ्लेमिंगोचे पाय लांब असले तरी त्याला खोल पाणी चालत नाही, कारण त्याची जेवायची पद्धतच वेगळी, डोकं उलटं करून चोच पाण्यात, वरची चोच खाली आणि खालची वर. चोचीच्या आत कंगव्यासारखी दातेरी झालर असते, जाड मांसल जीभ पंपासारखी मागंपुढं होते, पाणी आत-बाहेर, आणि झालरीत अडकतात ते शेवाळाचे कण, बारीक कोळंबीसारखे जीव, अळ्या. बरीच वर्षं लोकांना वाटायचं तो नुसता गाळून खातो. चिलीतल्या फ्लेमिंगो जातीवर अलीकडं झालेल्या अभ्यासात दिसलं की तो पायानं गाळ तुडवून आणि डोकं झटक्यानं वर ओढून पाण्यात छोटे छोटे भोवरे तयार करतो आणि पळून जाणारे जीव त्या भोवऱ्यात ओढून आणतो. मी हे वाचल्यावर उजनीवर मुद्दाम पाय बघत बसलो, आणि ती तुडवण्याची लय खरंच दिसते, नाचल्यासारखे गोल फिरत तुडवतात.

गुलाबी रंग त्यांच्या अन्नातून येतो हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे, गाजराला रंग देणारी जी कॅरोटिनॉइड म्हणून द्रव्यं आहेत ती शेवाळातून आणि बारीक जीवांतून अंगात जातात आणि पिसात उतरतात. पिल्लं राखाडी असतात, उजनीवर कळपात मळकट दिसणारे असतात ते तरुण. पण कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे वीण जवळ आली की फ्लेमिंगो शेपटीजवळच्या ग्रंथीतलं रंगीत तेल मानेनं घासून अंगभर पिसांना लावतात, स्पेनमधल्या मोठ्या फ्लेमिंगोंवर हे नीट नोंदवलंय, आणि आपल्याकडं येतो तो हाच मोठा फ्लेमिंगो. इथून ते जातात कच्छच्या रणात, मातीची बुटकी घरटी बांधायला.

उजनीच्या पाण्याबद्दल एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. पुणे, पिंपरी-चिंचवडकडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथं येतं. त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजतं, शेवाळावर अळ्या आणि चिलापी मासा, हे दोन्ही घाणीत टिकणारे. त्यामुळं पक्षी भरपूर दिसले म्हणजे पाणी चांगलं आहे असा अर्थ काढू नका. लाल अळी चिखलात खूप सापडणं हे उलट त्या गाळात ऑक्सिजन कमी असल्याचं लक्षण आहे. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, महाराष्ट्रातली नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी ही ठिकाणं गेली, मला मनापासून वाटतं की उजनीची पण तेवढी योग्यता आहे, पण त्याआधी त्यात येणारं पाणी सुधारायला पाहिजे.

पाणी उतरण्याचा फायदा फक्त गाळात चोच खुपसणाऱ्यांना होतो असं नाही. चित्रबलाक बघा, पांढरा-काळा मोठा करकोचा, पंखावर गुलाबी छटा, पिवळी चोच. भिगवणजवळ भादलवाडीच्या तलावात बाभळींवर यांची घरटी असतात, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर पिल्लं, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं की एवढ्या उन्हात पिल्लं काढायची काय ही वेळ झाली. पण चित्रबलाक मासा डोळ्यानं शोधतच नाही, अर्धी उघडी चोच गढूळ पाण्यात फिरवतो आणि मासा चोचीला लागला की मिटतो. याच्याच अमेरिकेतल्या भाऊबंदाची चोच मिटायला सेकंदाचा चाळिसावा भाग लागतो असं जुन्या प्रयोगात मोजलंय. असा चाचपडून पकडणारा पक्षी, त्याला भरल्या धरणात मासा लागणार कधी? पाणी आटून मासे डबक्यात गोळा झाले की मगच त्याची चंगळ, आणि पिल्लांना भूक त्याच वेळेला जास्त. हिशेब अगदी बरोबर आहे.

बदकांची नावं सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही, कारण या नावांचा मला फार अभिमान आहे. चोचीच्या मुळाशी लाल ठिपके आणि टोकाला पिवळा रंग असलेलं बदक, त्याला आपण हळदी-कुंकू म्हणतो. काळ्या अंगावर कपाळाला पांढरा टिळा लावलेला तो वारकरी, खरं तर हा बदक नाही, पण त्यांच्यातच पोहतो, आणि पंढरपूरच्या जिल्ह्यात त्याला दुसरं काय म्हणणार. पसरट चोचीचा थापट्या, लांब शेपटीचं तलवार बदक, केशरी चक्रवाक. हळदी-कुंकू इथलंच, बारा महिने असतं. थापट्या, तलवार आणि चक्रवाक मार्चअखेर निघून जातात. हे वारकरी शहरातल्या संभाजी तलावात आणि सिद्धेश्वर तलावातसुद्धा दिसतात, गड्ड्याची जत्रा जानेवारीत संपली की गर्दी ओसरते आणि कडेला पाणकोंबड्या बाहेर येतात, तेव्हा ज्यांना लांब जाणं जमत नाही त्यांनी तिथून सुरवात करावी.

आणि भोरड्या. पळसमैना म्हणतात पुस्तकात, गुलाबी अंग आणि काळं डोकं, पण आपल्या शेतात तिला भोरडी हेच नाव. मध्य आशियातून येते, जुलै-ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत आपल्याकडंच, म्हणजे खरं तर वर्षातला जास्त काळ ती भारतात असते आणि तिकडं फक्त पिल्लं काढायला जाते. मालदांडी ज्वारी हुरड्यात आली की हिचे थवे आणि शेतकऱ्याची गोफण हे ठरलेलं. ज्वारी निघाली की मग पळस, पांगारा यांच्या फुलातला मध, आणि संध्याकाळी तलावाकडच्या पाणकणसात नाहीतर वेड्या बाभळीत मुक्कामाला. मुक्कामाला उतरायच्या आधी आभाळात जे होतं ते बघायला मी दरवर्षी घरच्यांना घेऊन जातो, हजारो पाखरांचा धुरासारखा पट्टा वळतो, आकसतो, फुगतो, आणि कुणी कुणाला धडकत नाही. याला पुढारी नसतो. रोममध्ये भोरडीच्याच भाऊबंद स्टार्लिंग पक्ष्यांच्या थव्यांचे फोटो घेऊन शास्त्रज्ञांनी मोजलं तेव्हा दिसलं की प्रत्येक पक्षी फक्त आपल्या जवळच्या सहा-सात जणांकडं लक्ष ठेवतो, ते वळले की हा वळतो, आणि तेवढ्यानं अख्खा थवा वळतो. मार्चच्या शेवटाला भोरड्यांचा गुलाबी रंग एकदम उजळतो, कारण पिसांची मळकट टोकं घासून गेलेली असतात, खालचा रंग वर येतो. एप्रिलमध्ये त्याही जातात, आणि तिकडं टोळ खातात म्हणून चीनच्या शिंजियांगमध्ये तर त्यांच्यासाठी मुद्दाम घरट्यांच्या जागा बांधून देतात.

गुढीपाडवा-उगादी झाला की पाहुणे संपले. बहुतेक लोक बायनॉक्युलर कपाटात ठेवतात ते इथंच, आणि माझ्या मते हीच चूक होते. कारण आता इथल्यांची पाळी.

नान्नजच्या माळावरून सकाळी पखुर्ड्या पाणी प्यायला येतात, मातीच्या रंगाच्या, जमिनीवर बसल्या की दिसत नाहीत. माळढोकसाठी १९७९ ला अभयारण्य झालेला तो माळ, माळढोक आता जवळपास दिसेनासाच झाला, पण पखुर्डी आहे. नर पाण्यात पोट बुडवून बसतो, पोटावरच्या पिसांची घडण अशी की ती स्पंजासारखी पाणी धरतात, आणि तो तसाच उडत जाऊन पिल्लांना पाजतो, पिल्लं त्याची पिसं चोखतात. आफ्रिकेतल्या एका जातीत नर एका खेपेला साधारण २५ मिलीलिटर पाणी नेतो असं मोजलंय, औषधाच्या पाच चमच्यांएवढं.

कडेचा जो गाळ फेब्रुवारीत ओला होता तो एप्रिलमध्ये वाळून भेगाळतो, आणि त्याच भेगाळलेल्या जागेवर टिटवी, शेकाट्या, छोटा चिखल्या अंडी घालतात. घरटं कसलं, चार खडे आणि एक खळगा. उजनीत पाणी उतरून जी बेटं वर येतात त्यावर नदी सुरय पक्षी वसाहतीनं अंडी घालतात, भोवती पाणी असल्यामुळं कुत्री-कोल्ही येत नाहीत म्हणून. पण पाणी जास्तच वेगानं उतरलं तर बेटाला जमीन जोडली जाते आणि एका रात्रीत सगळी अंडी संपतात, आणि वळवाचा मोठा पाऊस झाला तर पाणी वर चढून बुडतात. म्हणजे धरणातून पाणी कधी आणि किती सोडलं यावर हजारो अंड्यांचं ठरतं, आणि हे कुणाच्या डोक्यातही नसतं. गाळपेरीचा ट्रॅक्टर फिरला तरी तेच, चालवणाऱ्याला अंडी दिसतच नाहीत, त्याचा दोष कसा म्हणणार. मागं एकदा मात्र फ्लेमिंगो उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून एका बोटीतल्या लोकांनी एकच थवा तीनदा उठवला, मी काठावरून बघत होतो, आणि मला फार वाईट वाटलं, कारण निघायच्या तयारीत असलेल्या पक्ष्याची प्रत्येक उडी ही त्या साठवलेल्या चरबीतून जाते.

टिटवीबद्दल आपल्याकडं दोन गोष्टी पक्क्या आहेत. रात्री ओरडली की अशुभ, आणि उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त. अशुभाचं मी मानत नाही, कुणीतरी अंड्यांजवळ आलंय म्हणून ती ओरडते. पावसाचं मात्र गावातली जाणती माणसं अजून बघतात. अंडी चार, टोकं आत करून ठेवलेली, ढेकळासारखा रंग, उबवायला साधारण चार आठवडे. उबवायला म्हणतो खरं, पण सोलापूरच्या एप्रिलमध्ये प्रश्न उलटा असतो. अंड्यातल्या पिल्लाला ३६ ते ३८ अंश मानवतात, ४१-४२ च्या वर गेलं की जीव जातो, आणि इथं हवाच चाळिशीला, उघडी जमीन त्याहून कितीतरी तापलेली. म्हणून दुपारी टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नाही, सावली द्यायला, कधी कधी नुसती वाकून उभी राहते.

गेल्या एप्रिलमध्ये मी हिप्परग्याच्या कडेनं चालत होतो, जिथं फेब्रुवारीत पट्टकदंब बसायचे तीच जागा, आणि टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली. मी थांबलो आणि अंडी शोधायला लागलो, दिसेनात, मग आणखी शोधली, पाच-सात मिनिटं तरी गेली असतील. सापडली तेव्हा माझ्या बुटापासून दोन हातावर होती, उन्हात उघडी. तेव्हा डोक्यात आलं की ही पाच-सात मिनिटं ती माझ्यामुळं अंड्यांपासून लांब आहे. मी आल्या पावली मागं सरकत बाभळीपर्यंत गेलो आणि खाली बसलो. टिटवी उतरली, पण अंड्यांकडं आली नाही, आधी पाण्याकडं पळत गेली, कडेला उभी राहून पोट पाण्यात बुडवलं, अंग हलवून पिसं नीट भिजवली, मग आली आणि ओल्या पोटानं चारही अंड्यांवर बसली. थोड्या वेळानं जोडीदार आला, ही उठली, तो बसला, त्याचंही पोट ओलं होतं. अंड्यांपासून पाणी तेव्हा वीसेक पावलांवर होतं, पुढच्या रविवारी गेलो तेव्हा तीसच्या पुढं गेलेलं, आणि ती तेवढं पळत जाऊन येत होती.